हिरड्यांचा आजार : ओळख आणि उपचार

सकाळी दात घासताना थुंकीत रक्ताची लालसर छटा दिसली, तर 'ब्रश जोरात लागला असेल' असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. काही जण तर त्या भागावर ब्रश फिरविणेच थांबवितात. वास्तविक निरोगी हिरडीतून सहसा रक्त येत नाही. ते हिरड्यांच्या आजाराचे पहिले लक्षण असू शकते. आणि दुखत नसल्यामुळेच ते नजरेआड होते.

दातांवर जीवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होऊन त्याचे किटण बनते. हे किटण ब्रशने निघत नाही. जीवाणूंमुळे हिरडी लाल होते, सुजते व तिच्यातून रक्त येते. हा हिरडीदाह होय. १९६५ मध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दातांची स्वच्छता थांबविली, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांना हिरडीदाह झाला. स्वच्छता पुन्हा सुरू करताच हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजेच या अवस्थेत आजार पूर्णपणे बरा होऊ शकतो.

पुढे मात्र तसे नसते. अनेकांच्या बाबतीत दाह खोलवर जातो, हिरडी दातापासून सुटून मध्ये पोकळी तयार होते आणि दाताला आधार देणारे हाड झिजू लागते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. तोंडाला दुर्गंधी येणे, हिरडी मागे सरकणे, दातांत फटी पडणे, दात हलणे ही त्याची लक्षणे. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

तपासणीत दंतवैद्य दात व हिरडी यांमधील खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली सामान्य मानली जाते. ती ४ मिलिमीटर वा अधिक असल्यास पुढील तपासणी व क्ष-किरण चित्राची गरज भासते. प्रारंभी यंत्राने किटण काढले जाते. आजार खोल असल्यास भूल देऊन मुळांचा पृष्ठभागही स्वच्छ करतात. त्यानंतरही खोल पोकळी उरल्यास हिरडी उघडून शस्त्रक्रिया करतात. निवडक रुग्णांत हाडाचे रोपणही करता येते. उपचारानंतर साधारणतः दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आवश्यक असते.

'किटण काढल्याने दात सैल होतात' हा समज चुकीचा आहे. हाड आधीच झिजलेले असते. किटण निघाल्यावर ते केवळ जाणवते.

मधुमेही व्यक्तींनी विशेष दक्ष राहावे. अनियंत्रित साखरेमुळे हा आजार बळावतो, तर हिरड्यांच्या दाहामुळे साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. धूम्रपान करणाऱ्यांत रक्तस्राव कमी दिसतो. त्यामुळे आजार झाकला जातो. मशेरीतही तंबाखूच असते, म्हणून तिला दंतमंजन समजू नये.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, प्रत्येकी दोन मिनिटे दात घासावेत व दातांमधील फटी रोज स्वच्छ कराव्यात. रक्त दिसल्यास ब्रश थांबवू नये. दंतवैद्यांची भेट मात्र लांबवू नये. आज केवळ स्वच्छतेने जे साधते, त्यासाठी उद्या शस्त्रक्रियाही अपुरी पडू शकते.