केशसंवर्धन व आपला आहार

केसांचें तेल विकणाऱ्यांच्या जाहिरातींत जितकीं आश्वासनें असतात, तितकीं क्वचितच अन्यत्र आढळतील. गळणारे केस पंधरा दिवसांत थांबतील, विरळ केस दाट होतील, असें बाटलीवर छापलेलें असतें. आणि घरांतील वडील मंडळी महिन्याच्या खर्चांतून चार पैसे वांचवून ती बाटली मुलीसाठीं घेऊन येतात. तेव्हां केस म्हणजे वस्तुतः काय, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं एकदां समजून घेणें बरें.

आपण जो केस विंचरतों तो निर्जीव आहे. नखाप्रमाणेंच तो केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्यांत रक्त नाहीं व ज्ञानतंतूही नाहींत. म्हणूनच न्हाव्याची कात्री चालतांना आपणांस दुखत नाहीं. सजीव भाग काय तो त्वचेखालीं, केसाच्या मुळाशीं. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १,००,००० केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षें, महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर या गतीनें वाढतो. नंतर दोनतीन महिने विसांवा घेऊन गळतो, व त्याच जागीं नवा उगवतो. सबब दररोज ५० ते १०० केस गळाले, तर घाबरण्याचें कारण नाहीं.

या मुळास अन्न पोंचतें तें रक्तांतून, बाटलींतून नव्हे. आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट (हल्लींचा घाना) येथें काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३३ सालीं केवळ मक्यावर वाढणाऱ्या बालकांच्या एका रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें तो ‘क्वाशिओरकोर’ या तेथील नांवानेंच ओळखला जाऊं लागला. या रोगांत काळे केस तांबूस, विरळ व ठिसूळ होतात. आणि मुलास पुरेसा सकस आहार मिळूं लागला, म्हणजे मुळांतून पुन्हां काळे उगवूं लागतात. एकाच केसावर उपासमारीचा व सुबत्तेचा काळ पट्ट्यापट्ट्यांनीं उमटलेला दिसावा, हें खरोखर आश्चर्यकारक आहे.

आपल्याकडे इतकी विकोपाची स्थिति सहसा दिसत नाहीं. परंतु लोहाची उणीव मात्र घरोघर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. या वयांत मुलीच्या शरीरांतून दरमहा रक्त जातें. आणि पुष्कळ घरांत तीच मुलगी सर्वांचें झाल्यावर उरलेंसुरलें जेवते. पुढें तिला जिना चढतांना धाप लागते, वर्गांत तिचें लक्ष लागत नाहीं, केसही मूठमूठ गळूं लागतात. यांतील केस तेवढे आईच्या दृष्टीस पडतात, व तेलाची बाटली येते! वास्तविक अशा वेळीं मुलीचें रक्त तपासून घ्यावें, डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्यास त्या नेमानें द्याव्या, आणि तिचें पान प्रथम वाढावें. अळिवाचे लाडू, मोड आलेली मटकी, हरभरे, माठाची भाजी, तीळ हे कांहीं श्रीमंतांचे पदार्थ नव्हेत. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडीं व मासे अवश्य द्यावे. भाजी-उसळींतील लोह शरीरांत चांगलें शोषलें जावें म्हणून वर लिंबू पिळावें, अथवा पेरू किंवा आवळा खावा. जेवणाबरोबर चहा मात्र नको. तो तेंच लोह अडवितो.

विषमज्वरासारख्या मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनीं केस एकाएकीं फार गळतात. तेव्हां धीर धरावा. ते बहुधा आपोआप परत येतात.

मग तेल टाकाऊच काय? तसें नव्हे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनांत असें दिसलें कीं, खोबरेल केसाच्या आंत शिरतें व धुतांना होणारी प्रथिनांची झीज कमी करतें. (हें संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेंच, हेंही सांगितलें पाहिजे.) तेल केसाची झीज वांचवितें, मुळास जेवूं घालीत नाहीं, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें. ओले केस लवकर ताणले जाऊन तुटतात, म्हणून ते थोडे सुकल्यावर रुंद दातांच्या कंगव्यानें विंचरावे. शाळेच्या शिस्तीसाठीं वेण्या घालाव्या, पण कपाळाची कातडी ओढली जाईल इतक्या घट्ट नकोत. वर्षानुवर्षें तशा घातल्यास कपाळालगतचे केस कायमचे जातात.

राहतां राहिल्या उवा. ऊ उडत नाहीं, कीं उडीही मारीत नाहीं. डोक्यास डोकें लागलें म्हणजे ती चालत जाते, आणि स्वच्छ मुलाच्या डोक्यांतही जाते. त्यासाठीं कोणास हिणविणें गैर आहे. केसांना घासलेट चोळण्याची जुनी रीत तर अत्यंत घातक. त्यानें कातडी भाजते, आणि चुलीजवळ गेल्यास केस पेट घेतात. केस ओले करून, तेल लावून, बारीक दातांच्या फणीनें एकेक बट विंचरावी. लिखा फुटण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून एकदां विंचरून भागत नाहीं. दर दोनतीन दिवसांनीं, असें निदान दोन आठवडे करावें, व घरांतील सर्वांचीं डोकीं एकाच दिवशीं पाहावीं.