विजेची कुकिंग रेंज : बिघाड शोधण्याची रीत आणि हिरव्या वायरीचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एका घरून बोलावणे आले. कुटुंब बरीच वर्षे आखातात राहून परतलेले. सामानाबरोबर त्यांनी वर चार प्लेटा आणि खाली ओव्हन असलेली विजेची कुकिंग रेंज आणली होती. जुलै महिन्यात ओव्हन लावला की घराचा मेन पडू लागला. एक मिस्त्री येऊन गेला, त्याने काहीतरी केले, पैसे घेतले आणि मेन पडणे थांबले. घरातील सूनबाई मला म्हणाल्या, "चाचा, रेंज आता छान चालते. पण ओल्या हाताने ओव्हनचे दार उघडले की मुंग्या येतात." मागचा पत्रा उघडला तर कारण समोरच होते. हिरवी वायर कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. बिघाड जागच्या जागी होता. त्याची खबर देणारी वायर तेवढी गेली होती.

आपल्याकडे स्वयंपाक मुख्यतः गॅसवर होतो, म्हणून अशी रेंज क्वचितच दुकानात येते. परंतु तिचे भाग ओळखीचेच असतात. ओटीजी ओव्हन, हॉट प्लेट, गीझर यांत जे एलिमेंट आणि थर्मोस्टॅट असतात त्याच जातीचे रेंजमध्ये असतात. आपले अनेक तरुण मेंटेनन्सच्या कामासाठी आखाती देशांत जातात, तेथे त्यांना ही दुरुस्ती करावी लागते. ज्यांच्या घरी रेंज किंवा ओव्हन आहे त्यांनाही निम्मे निदान स्वतः करता येईल. म्हणून हा धडा.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेंज म्हणजे एक यंत्र नव्हे, एका पत्र्याखाली बसविलेल्या पाच-सहा वेगळ्या शेगड्या आहेत. प्रत्येकीला आपला स्विच, आपली वायर, आपले एलिमेंट. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : सगळेच बंद आहे की एकच? सगळेच बंद असेल तर रेंज उघडू नये. आधी एमसीबी, मागचा टर्मिनल ब्लॉक आणि येणारी केबल पाहावी. एकच प्लेट बंद असेल तर दोष त्या प्लेटीत, तिच्या स्विचात किंवा दोहोंमधल्या जोडात आहे. चौथी जागा नाही.

हात घालण्यापूर्वी मेन बंद करावा, प्लग असल्यास काढून नजरेसमोर ठेवावा आणि टेस्टरने खात्री करावी. हा टेस्टर आधी एखाद्या चालू पॉइंटवर लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर मेलेल्या आणि जिवंत वायरीत फरक करीत नाही. घरच्या मंडळींनी वीज चालू ठेवून कोणतेही काम करू नये. खाली जे सांगितले आहे ते बहुतेक सर्व वीज बंद असतानाच करावयाचे आहे. वीज जेथे लागते तेथे तसे सांगितले आहे.

आता हिशेब. आपला पुरवठा 230 व्होल्ट. 230 गुणिले 230 म्हणजे 52,900. या आकड्याला एलिमेंटच्या वॅटने भागावे, ओम मिळतात. 1000 वॅटच्या प्लेटीचा रोध सुमारे 53 ओम, 1500 वॅटचा 35, 2000 वॅटचा 26. थंड एलिमेंट यापेक्षा थोडा कमी दाखवील, त्याने घाबरू नये. एलिमेंटची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावावा. आकडा जवळपास आला तर एलिमेंट शाबूत, मीटर काहीच दाखवीत नसेल तर तार आत तुटलेली. मीटर नसेल तर अदलाबदल करावी : चालू प्लेटीच्या वायरी बंद प्लेटीला जोडाव्यात. तीही तापली तर प्लेट ठीक, स्विच किंवा वायर वाईट. ही युक्ती फुकट आहे आणि मीटरइतकीच खरी आहे. मात्र दोन्ही प्लेटा सारख्या वॅटच्या असाव्यात.

साध्या उघड्या शेगडीत तुटलेली कॉइल पीळ देऊन जोडण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे तार आखूड होते, रोध घटतो, शेगडी पूर्वीपेक्षा जास्त तापते आणि आठवड्यात पुन्हा तुटते. गिऱ्हाइकाला वाटते मिस्त्रीने नवे दुखणे लावले, आणि ते चूक नसते. रेंजच्या नळीच्या एलिमेंटमध्ये तर जोड देण्याची सोयच नाही. त्यात मधोमध निक्रोमची कॉइल, भोवती दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि वर धातूची नळी असते. ते बदलावेच लागते.

स्विचांचे दोन प्रकार आहेत. एकात आकडे असतात आणि बिडाच्या प्लेटीत तीन कॉइली असतात. स्विच त्यांना निरनिराळ्या रीतीने जोडतो. अशी प्लेट काही आकड्यांवर तापते आणि काहींवर गार राहते तेव्हा बहुधा एक कॉइल गेलेली असते. अर्थात स्विचाचा एखादा संपर्क जळला तरी हेच होते, म्हणून कॉइली वेगवेगळ्या मोजाव्यात. दुसऱ्या प्रकारात बटण कुठेही थांबते. आत दोन धातूंची पट्टी असून ती तापून वीज तोडत-जोडत राहते. बटण कमी केले तरी प्लेट लालच राहत असेल तर त्याचे संपर्क चिकटले आहेत. घासून चालवू नये, बदलावा.

पण खरे सांगायचे तर पुष्कळ वेळा जळलेले असते ते यांपैकी काहीच नव्हे. जळलेली असते थिंबल. ढिल्या जोडात उष्णता होते, उष्णतेने तो आणखी ढिला होतो, आणि एके दिवशी टोक काळे होऊन गळून पडते. थिंबल काळी दिसली की वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी आणि नवी थिंबल पक्क्याने दाबून बसवावी. उपसून काढता येणाऱ्या कॉइलीच्या रेंजमध्ये पाय काळे पडले असतील तर नुसती कॉइल बदलू नये, सॉकेटही बदलावे. नाहीतर जुने सॉकेट नवी कॉइल खाते. आणखी एक : एलिमेंटजवळ साधी पीव्हीसी वायर घालू नये. ती 70 अंशांपर्यंतची आहे. येथे काचेच्या धाग्याचे किंवा सिलिकोनचे आवरण असलेली वायरच हवी. बाजारात ती महाग पडते, म्हणून दुरुस्तीच्या अंदाजात आधीच धरावी.

ओव्हनचा थर्मोस्टॅट तपासण्यास साखर पुरे. साखर सुमारे 186 अंशांवर वितळते. बटण 175 वर ठेवून, ओव्हन चांगला तापल्यावर, वाटीत चमचाभर साखर पंधरा मिनिटे ठेवावी. ती कोरडी राहिली पाहिजे. मग 190 वर ठेवून पाहावे, ती वितळू लागली पाहिजे. 175 वरच पाणी झाले तर ओव्हन जास्त तापतो. आत भिंतीला लागून एक बारीक नळी आणि तिच्या टोकाला पेन्सिलीसारखा बल्ब असतो. तो क्लिपमधून निसटून एलिमेंटला टेकला असेल तर वीज लवकर तुटते आणि ओव्हन अपुरा तापतो. नानखटाई खालून करपते आणि वरून कच्ची राहते, अशी तक्रार घेऊन ज्या भगिनी येतात त्यांच्या ओव्हनचे वरचे एलिमेंट आधी मोजावे. थर्मोस्टॅटला विनाकारण हात लावू नये.

आता मूळ गोष्टीकडे. मॅग्नेशियम ऑक्साइडची ती पूड उत्तम रोधक आहे, पण तिला दमट हवा सोसत नाही. नळीच्या टोकाचे सील जुने झाले की महिनोन्महिने न वापरलेल्या एलिमेंटमध्ये ओल शिरते. मग निक्रोमच्या तारेतून थोडी वीज पुडीमार्गे नळीत आणि तेथून पत्र्यात येते. हिरवी वायर जोडलेली असेल तर ती वीज जमिनीत जाते आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी मेन पाडते. तक्रार येते ती एवढीच : मेन पडतो.

आपले कारागीर येथे सिरीज बल्ब लावून पाहतात. एक टोक एलिमेंटला, दुसरे पत्र्याला. बल्ब पेटला नाही की म्हणतात, लीकेज नाही. हीच चूक मोठी आहे. त्या घरच्या ओव्हनचे खालचे एलिमेंट 1200 वॅटचे होते. ओम बरोबर 44 च्या आसपास होते. पण एलिमेंट आणि पत्रा यांच्यामध्ये मीटरने अवघे 6 हजार ओम दाखविले. 230 ला 6 हजारांनी भागा : 38 मिलिअँपिअर. मेन पाडण्यास हे पुरेसे आहे, पण शंभर वॅटच्या बल्बची तार एवढ्या विजेने लालसरही होत नाही. बल्ब खोटे बोलला नाही, त्याला तेवढे दिसतच नाही. (एलईडी बल्ब तर या कामाला मुळीच घेऊ नये.) हिरवी वायर कापल्यावर ही वीज जाण्याची वाट बंद झाली आणि पत्रा भारलेला राहिला. ओल्या हाताच्या, फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध दीड-दोन हजार ओम धरला तर त्याच्यामधून 30 मिलिअँपिअरच्या आगेमागे वीज जाते. आरसीसीबी एवढ्याला पडेल किंवा पडणारही नाही, आणि माणसाची पकड सुटू नये यास याहून कमी वीज पुरते. सूनबाईंना नुसत्या मुंग्या आल्या, कारण पायात रबरी चप्पल होती. घरात लहान मूल अनवाणी फिरत होते.

म्हणून लीकेज मोजण्यास मल्टिमीटर घ्यावा, आणि धंदा करणाऱ्याने 500 व्होल्टचा मेगर. मीटर आपल्या छोट्या बॅटरीवर मोजतो. त्याला जे शुद्ध दिसते ते मेगरच्या दाबाखाली कधी कधी गळते. एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून मगच मेगर लावावा. एक मेगओमच्या वर आकडा असावा. कमी असेल तर एलिमेंट काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास सुकवावे आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजावे. निव्वळ ओल असेल तर आकडा चढतो. त्या घरचे एलिमेंट सुकवूनही चढले नाही. नळीला बारीक चीर होती. बदलले.

जोडणीबद्दल थोडेसे. दोन प्लेटा 1000 च्या, दोन 1500 च्या, ओव्हन 2200 चा : एकूण 7200 वॅट, सगळे एकदम लावले तर 31 अँपिअर. ही रेंज 16 अँपिअरच्या प्लगवर चालवू नये. तिला स्वतंत्र 32 अँपिअरची एमसीबी आणि निदान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. परदेशातून रेंज आणली असेल तर आधी मागची पाटी वाचावी. अमेरिकी पद्धतीच्या रेंजमध्ये एलिमेंट 240 व्होल्टचे असले तरी ओव्हनचा दिवा आणि घड्याळ 120 व्होल्टचे असतात; सरळ जोडल्यास ते पहिल्याच दिवशी जातात.

काम झाल्यावर तीन मोजमापे घ्यावीत. हिरव्या वायरीचे टोक आणि पत्रा यांमधील रोध मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून अर्ध्या ओमच्या आत असावा. मेगरचा आकडा घ्यावा. मग मागचा पत्रा बसवून रेंज अर्धा तास चालवावी, नंतर मेन बंद करून टर्मिनल ब्लॉकच्या जोडांवर काळेपणा किंवा वास आहे का पाहावे. हे आकडे तारखेसह बिलावर लिहून द्यावेत. मी या तपासणीचे पैसे वेगळे लावतो आणि आधी सांगतो. घासाघीस होते, पण त्याच घरून पुढे गीझरचेही काम येते. सुटे भाग विकणाऱ्या व्यापारी बांधवांनी 1000, 1200, 1500 आणि 2000 वॅटची एलिमेंटे ठेवताना प्रत्येकावर वॅटबरोबर ओमही लिहून ठेवावेत, आणि पावसाळ्यात ती फरशीवर नव्हे तर वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत.