टर्बो का मेला?

दिवाळीच्या सुट्टीत कराडला मामांकडे गेलो तेव्हा मामा जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. ही जीप म्हणजे त्यांचा संसार. वडापवर घर चालतं, गाडीचा हप्ताही त्यातूनच जातो. महिन्यापूर्वीच नवा टर्बो बसवला होता आणि आता पुन्हा सायलेन्सरमधून निळा धूर! "तू मेकॅनिकलचा ना? मग सांग काय झालंय!" व्हायवालासुद्धा मला एवढा घाम फुटला नव्हता.

टर्बो आपण थर्मलच्या पुस्तकात एका आकृतीत संपवतो. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट घेतलं, हे परीक्षेपुरतं पाठ. पण एक्झॉस्टवर फिरणारा हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो बॉल बेअरिंगवर नसतो (बहुतेक गाड्यांत तरी), तर तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगतो. हेच तेल त्याला थंडही ठेवतं.

आता मामांची सवय ऐका. खंबाटकीचा घाट चढून आले, ढाब्यावर थांबले की लगेच चावी बंद. इंजिन थांबलं की ऑइल पंपही थांबतो. लालबुंद टर्बाइनची उष्णता मात्र शाफ्टमधून बेअरिंगकडे येतच राहते आणि तिथे अडकलेलं तेल जळून कार्बन होतो. आपल्या मेसच्या कढईचं बूड पाहिलंय ना, अगदी तसंच! शिवाय ऑइल बदलायलाही मामा 'पुढच्या फेरीला बघू' करत होते.

पण मग नवा टर्बो महिन्यात का गेला? खरी गंमत इथे आहे. टर्बोत तेल येतं बारीक पाइपने, दाबाखाली. परत जातं जाड पाइपने, फक्त स्वतःच्या वजनाने. म्हणून हा परतीचा पाइप कुठेही चेपलेला किंवा तुंबलेला चालत नाही. टर्बोचं सील म्हणजे रबर नव्हे, पिस्टन रिंगसारखी एक बारीक रिंग असते. खाली वाट मिळाली नाही की तेल हाउसिंगमध्ये साचतं आणि रिंगच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये किंवा इंटरकूलरच्या पाइपमध्ये घुसतं. लोक म्हणतात सील गेलं! आम्ही परतीचा पाइप सोडवला तर आत काळी पेंड, बोटसुद्धा जाईना. गॅरेजवाल्याने टर्बो बदलला, पाइप जुनाच ठेवला. पाइप बदलला, ऑइल आणि फिल्टर नवे टाकले, इंटरकूलरमधलं तेल काढलं. धूर गेला. टर्बो शाबूत होता!

इंटरकूलरमधलं तेल काढणं फार महत्त्वाचं. डिझेल इंजिन ते तेल इंधन म्हणून जाळू लागलं तर चावी बंद करूनही थांबत नाही, उलट पळत सुटतं. तेव्हा ब्रेक दाबून धरून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. बॉनेट उघडून हात घालायला जाऊ नये.

आणि हो, नवा टर्बो लावताना त्यात आधी तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवून घ्यावा. नाहीतर पहिल्या स्टार्टला तेल पोहोचेपर्यंत तो कोरडाच फिरतो.

मामा आता ढाब्यावर मिनिटभर इंजिन आयडलला ठेवतात. पॅसेंजर म्हणतात, "डिझेल फुकट चाललंय की!" मामा माझ्याकडे बोट दाखवतात, "आमच्या इंजिनिअरला विचारा." अजून दोन विषय बॅक आहेत, ते मी तिथे सांगत नाही.