धूम्रपान आणि आयुर्मान

विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या मनुष्यास तिच्यापासून होणारा अपाय बहुधा तत्काळ जाणवत नाही. कर्करोगासारखा विकार प्रकट होण्यास कित्येक दशके लोटतात. म्हणूनच त्याचे मूळ कारण दीर्घकाळ ध्यानात आले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा मोटारींचा धूर व रस्त्यांवरील डांबर यांवर संशय घेतला गेला. रिचर्ड डॉल यांनाही प्रथम डांबराचाच संशय होता. त्यांनी व ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील रोग्यांची चौकशी केली आणि दोषी ठरला तो तंबाखूचा धूर. हे काम चालू असतानाच डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली. त्यांचा निबंध १९५० साली प्रसिद्ध झाला.

पुढील वर्षी या दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे धाडून त्यांच्या सवयी विचारल्या. सुमारे ४०,००० जणांनी उत्तरे दिली. ही निवड मोठी मार्मिक होती. कारण डॉक्टरांची नोंद सरकारदरबारी असल्याने त्यांचा मृत्यू केव्हा व कशाने झाला, हे कळणे सुलभ होते. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली पुढे आला. सिगारेट न सोडणारे पुरुष डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. परंतु साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यांपैकी सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सर्वच वर्षे परत मिळाली.

असे का व्हावे? धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. धूर थांबताच एकदोन दिवसांत रक्त या वायूपासून मोकळे होते व हृदयावरील भार हलका होतो. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसर पुन्हा हलू लागून कफ बाहेर लोटतात. कर्करोगाचा धोका मात्र सावकाश, वर्षानुवर्षे उतरत जातो; आणि फुप्फुसातील जे वायुकोश एकदा नष्ट झाले ते पुन्हा निर्माण होत नाहीत.

विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य, असा समज आपल्याकडे आढळतो. तो खरा नव्हे. टेंभुर्णीचे पान सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि धूर खोलवर जातो. सोडणाऱ्यास पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश यांचा त्रास होतो. तो निकोटिनच्या अभावाचा असून बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरतो.