हाडांचा जमाखर्च

हाड म्हटले की दगडासारखी टणक, निर्जीव वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येते. पण हाड जिवंत असते. त्यात रक्त खेळते. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. जुन्या वाड्याची भिंत गवंडी थोडी थोडी पाडून पुन्हा बांधतो, तसे हे काम जन्मभर चालते. लहानपणी आणि तरुणपणी भर जास्त पडते. तिशीपर्यंत ही पुंजी जमा होते. पुढे वयाबरोबर ती घटत जाते.

आता असा एक माणूस घ्या. तो दोन महिने जवळजवळ उपाशी राहून आठ किलो वजन घटवतो. लग्नसराई आली, की तेच वजन परत येते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच! काटा जेथे होता तेथेच आला, मग बिघडले काय?

बिघडते ते आत. वजन घटताना चरबी जाते, तसे थोडे स्नायू आणि थोडे हाडही जाते. अंगावरचा भार कमी झाला, की हाडांचे कामही कमी होते. शिवाय अन्न फार कमी पडले तर पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घटते. हाडे भक्कम ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. वजन परत येते तेव्हा चरबी लवकर भरून येते. हाड मात्र पूर्वीइतके भरेलच असे नाही.

नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे 1972-73 साली चाळिशीतील पुरुषांची मोठी आरोग्यतपासणी झाली होती. त्यांच्यापैकी अनेकांची 2000 साली पुन्हा पाहणी झाली. ज्यांनी अनेकदा वजन घटवले होते, त्यांच्यात कोपर ते मनगट या भागातले हाड मोडण्याचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात एवढ्यावरून वजनाच्या चढउताराला एकट्याला दोषी धरता येत नाही. आजारपणानेही वजन उतरते. पण ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

हाडे ठिसूळ होणे हे स्त्रियांचेच दुखणे, असे पुष्कळ लोक मानतात. म्हणून पुरुष तपासणीला जातच नाहीत. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, तर त्यानंतर दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त असते, हे किती घरांत ठाऊक आहे?

शर्यतीचे घोडेस्वार आणि मुष्टियोद्धे या दोघांनाही स्पर्धेसाठी वारंवार वजन उतरवावे लागते. आयर्लंडमधील संशोधकांनी 2012 साली दोघांच्या हाडांची तुलना प्रसिद्ध केली. घोडेस्वारांची हाडे कमकुवत निघाली, मुष्टियोद्ध्यांची मात्र भक्कम! मुष्टियोद्धा रोज दोरीवर उड्या मारतो, धावतो, ठोसे मारतो. असे हादरे बसले, की हाड अधिक मजबूत होते. म्हणून वजन खरोखरच जास्त असेल आणि डॉक्टरांनी ते कमी करायला सांगितले असेल, तर ते सावकाश करावे. रोजच्या जेवणातून डाळ, दूध आणि मासे वगळू नयेत, आणि संध्याकाळचे मैदानही सोडू नये. तुमच्या वयात तर हाडांची पुंजी अजून जमतेच आहे.