हळदीचा डाग : एका कच्च्या रंगाचा अभ्यास

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाकडे हळदीचा डाग पडलेला एक तरी पांढरा कपडा असतोच. फर्स्ट इयरला माझ्या नव्या कुर्त्यावर मेसची आमटी सांडली. मी घाईघाईने साबण लावला, आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला. रूममेट ओरडलीच, "अगं, रक्त!" मी घाबरून आजीला फोन केला, तर ती हसायला लागली. "साबणानं लाल होतंच की गं. धू अन् उन्हात टाक. दोन-चार दिवसांत जातंय." आणि खरंच गेला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे लिटमस पेपरचे रंग तोंडपाठ केले, पण आमच्याच शेतात पिकणारी हळद हीसुद्धा एक इंडिकेटर आहे, हे मला त्या कुर्त्याने शिकवलं.

आमचं शेत सेनगाव तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यात. हा सगळा भाग हळदीचा. आमच्याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची आणि हिंगोलीच्या मार्केटला न्यायची, हे मी लहानपणापासून पाहते आहे. मागच्या सुट्टीत पप्पांनी विचारलं, "नैसर्गिक रंगांना परदेशात मागणी आहे म्हणतात. मग आपली हळद रंगासाठी विकता येईल का? तू केमिकलला आहेस ना, सांग." मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

रंग येतो कुठून?

हळदीचा पिवळा रंग करक्युमिन या रेणूमुळे येतो. १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए यांनी तो हळदीतून वेगळा केला. त्याची रचना कळायला मात्र १९१० साल उजाडलं. साधारणपणे वाळलेल्या हळदीत करक्युमिन आणि त्याची भावंडं मिळून २ ते ५ टक्के असतात. म्हणजे एक किलो हळदीत रंग फार तर २० ते ५० ग्रॅम.

या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. ती निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून आपल्याला पिवळा दिसतो. साबण, चुना, धुण्याचा सोडा असं काही अल्कधर्मी लागलं की करक्युमिन आपले प्रोटॉन सोडून देतं. मग शोषण जास्त तरंगलांबीकडे सरकतं आणि रंग लाल दिसतो. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा! माझ्या कुर्त्यावर झालं ते एवढंच.

गच्चीवरचा प्रयोग

कापडाचा रंग पक्का हवा असेल तर रंगारी पूर्वीपासून तुरटी किंवा हिराकस वापरत आले आहेत. याला रंगबंधक म्हणतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने धागा धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाचा रेणू. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल रंग असाच पक्का होतो. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर तो आजही ओळखता आला, म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षं टिकला!

मग हळदीचं काय? मी एका जुन्या सुती ओढणीच्या तीन पट्ट्या सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांची खळ काढली. एक तशीच ठेवली, एक तुरटीच्या पाण्यात आणि एक हिराकसाच्या पाण्यात भिजवली. मग तिन्ही हळदीच्या पाण्यात अर्धा तास मंद आचेवर ठेवल्या. साधी पट्टी पिवळी झाली, तुरटीची जास्त तजेलदार आणि हिराकसाची शेवाळी. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून सात दिवस गच्चीवर ठेवल्या. साध्या पट्टीचा उघडा भाग जवळजवळ पांढरा पडला. तुरटीचीही बरीच फिकी झाली. हिराकसाची त्यातल्या त्यात बरी, पण तो रंग हळदीचा म्हणावा असा राहिलाच नव्हता.

कारण सरळ आहे. करक्युमिनचा रेणू प्रकाशाने तुटतो. रंगबंधक त्याला धाग्याशी बांधू शकतं, पण त्याला उन्हापासून पूर्ण वाचवू शकत नाही. आजीचा "उन्हात टाक" हा सल्ला म्हणजे शंभर टक्के फोटोकेमिस्ट्री होती.

इतिहास काय सांगतो?

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या जातीतल्या युरोपीय झाडाचं अलिझारिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि युरोपातली त्या झाडाची शेती काही वर्षांतच कोसळली. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्या निळीचंही तेच झालं. रंगाच्या भरवशावर शेती करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे काही अॅझो रंगांपासून कॅन्सरकारक अमाइन्स तयार होतात हे लक्षात आलं. १९९४ मध्ये जर्मनीने अशा रंगांवर बंधनं घातली आणि नैसर्गिक रंगांकडे पुन्हा लक्ष गेलं. पण नैसर्गिक म्हणजे आपोआप निर्धोक, असं नाही. रंगबंधक म्हणून क्रोमियम किंवा तांब्याचे क्षार वापरले तर सांडपाणी विषारीच होणार. शिवाय जगात वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त धागा तयार होतो. तो सगळा झाडापाल्याने रंगवायचा म्हटलं तर अन्न पिकवायला जमीन उरेल का?

दोष हाच गुण

इथपर्यंत वाचून मी निराश झाले होते. पण नंतर लक्षात आलं, की जो रंग परिस्थितीप्रमाणे बदलतो तो कापडाला वाईट, पण खबर द्यायला उत्तम!

मासे किंवा मांस खराब होताना अमोनिया आणि अमाइन्स बाहेर पडतात. ते अल्कधर्मी असतात. करक्युमिन मिसळलेली स्टार्च किंवा कायटोसानची पातळ फिल्म पॅकिंगमध्ये ठेवली, तर माल नासू लागताच ती पिवळ्याची लालसर होते. यावर अनेक देशांत संशोधन चालू आहे.

दुसरा उपयोग पाण्याच्या तपासणीचा. आम्लात बोरॉन आणि करक्युमिन एकत्र आले की लाल रंगाचं संयुग बनतं. त्याला रोझोसायनिन म्हणतात. पाण्यातलं बोरॉन मोजण्याची प्रमाणित पद्धत यावरच आहे. गंमत म्हणजे हळद, टाकणखार आणि लिंबू वापरून कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच रसायनशास्त्राजवळ जाते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स!

तिसरा उपयोग खाण्याच्या रंगाचा. युरोपात करक्युमिन ई १०० या क्रमांकाने मान्य आहे. चौथा सोलर सेलचा. १९९१ मध्ये ओरेगन आणि ग्रेत्सेल यांनी रंगाच्या रेणूवर चालणारा स्वस्त सेल दाखवला. त्यात नैसर्गिक रंगही वापरून पाहतात, पण त्यांची कार्यक्षमता बहुधा एक-दोन टक्क्यांतच अडकते. लॅबमध्ये करून बघायला छान, पण त्यावर हॉस्टेलचा गीझर चालणार नाही.

पप्पांना उत्तर

पप्पा, कापडाच्या रंगासाठी हळद लावू नका. तिथे ती टिकणार नाही. पण खाण्याचा रंग, औषधं आणि तपासणीसाठी ज्यांना अर्क हवा असतो, ते हळकुंडाचा आकार बघत नाहीत, करक्युमिनची टक्केवारी बघतात. आपण मात्र वजन आणि वरची चमक बघून विकतो. आपल्या हळदीत करक्युमिन दोन टक्के आहे की पाच, हे आपल्याला माहीतच नाही.

यावरून हळदीच्या पेटंटची गोष्ट आठवते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ते "आमच्या आजीला माहीत होतं" एवढ्यावर रद्द झालं नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील शोधनिबंध पुरावा म्हणून द्यावा लागला. माहीत असणं वेगळं आणि मोजून लिहून ठेवणं वेगळं.

म्हणून एक विनंती. हळदीच्या पट्ट्यातून आलेल्यांनी दिवाळीच्या सुट्टीवरून येताना घरची वाळलेली हळद पाव किलो आणावी. सोबत चिठ्ठीवर गाव, वाण, जमीन आणि हळद कशी शिजवली ते लिहावं. अल्कोहोलमध्ये अर्क काढून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास स्पेक्ट्रोफोटोमीटरवर टक्केवारी मोजता येते. यंत्र आपल्या लॅबमध्ये आहे आणि सरांनी होकार दिला आहे. माझा पहिला नमुना सेनगावचा असेल.

आणि हो, कुर्त्यावर आमटी सांडली तर घाबरू नका. धुवा आणि उन्हात टाका!