डबा आत घे

वाई,
२० मे २०२०

चि. नंदू यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. समोरच्या काकूंनी सोमवारी सकाळी तुझ्या दाराच्या कडीला डबा अडकवला, तो मंगळवारी संध्याकाळी तसाच होता म्हणे. त्यांनीच काढून नेला. उघडला तर आमटी फसफसलेली. दार वाजवलं तेव्हा आतून "ठेवा, घेतो" एवढंच म्हणालास. सांगताना वहिनी रडायला लागली. मलाही रात्रभर डोळा लागला नाही.

तू जेवतोस का, नंदू?

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस. म्हणून हे कागदावर लिहितेय. वरच्या मजल्यावरची मुलगी फोटो काढून तुला पाठवेल, आणि कागद मी पोस्टात टाकणार आहे. पोस्ट चालू आहे, पण पुण्याला पोचायला किती दिवस लागतील ते देव जाणे. तरी हातात कागद यावा असं मला वाटतं.

एप्रिलच्या मध्यापर्यंत तू बरा होतास. दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं, २८ मार्चपासून. रात्रीचा भाग संपला की तुझा फोन यायचा, आणि आपण दोघं तुझ्या आजीची आठवण काढायचो, ती टीव्हीला हार घालायची त्याची. खोलीतली दोन्ही मुलं लॉकडाऊनच्या आधी, २१ मार्चलाच गावाला गेली, तू मात्र "काम आहे" म्हणून मागं राहिलास. मग काम कमी झालं. एप्रिलचा पगार अर्धाच आला, असं दादाच्या बोलण्यात निसटून गेलं. तू आम्हाला सांगितलं नाहीस. त्याच सुमाराला तुझे फोन बंद झाले, हे मी कॅलेंडरवर बोट ठेवून पाहिलं.

आता रागावते, ऐकून घे. त्या काकूंचे गुडघे दुखतात. त्यांचा मुलगा दुबईला अडकलाय, विमानं बंद. एकटीसाठी करायचा कंटाळा येतो म्हणून तुझ्यासाठी दोन पोळ्या जास्त लाटते, असं त्या वहिनीला म्हणाल्या होत्या. जिच्याकडं कुणी येत नाही अशा बाईचं अन्न तू दाराबाहेर नासू दिलंस. इकडे माणसं नाशिकच्या रस्त्यानं पोरांना खांद्यावर घेऊन उत्तरेकडं चालत निघालीत, त्यांना वाटेत कुणी पोळी दिली तर ती चार जणांत वाटून खातात. आणि तुला दोन पावलांवरचा डबा आत घेववत नाही?

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवून बराच वेळ बसले. खोडत नाही, पण त्या चालणाऱ्या माणसांना मी तुझ्यावर उगारायला नको होतं. त्यांचं दुःख त्यांचं आहे. तुझंही काही दुखत असणार, त्याशिवाय तू असा नाहीस. लहानपणी ताटात शीत टाकायचा नाहीस तू.

तुला एक सांगते. दादाला हे अर्धवट माहीत आहे.

१९८३ साली मी तेवीस वर्षांची होते. एका शाळेत माझी नेमणूक पक्की झाली होती, साड्यासुद्धा घेऊन झाल्या होत्या. जून उजाडला आणि ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. मला कळवायचीही तसदी कुणी घेतली नाही. मी पहिल्या दिवशी जाऊन फाटकातून परत आले. त्यानंतर मी माडीवर जाऊन बसले ती दिवाळीपर्यंत. माझी एक मैत्रीण गंगापुरीतून रोज यायची. खालून हाक मारायची. तुझी आजी सांगायची, "झोपलीय गं." मी जागी असायचे. जिन्याच्या तोंडाशी तिच्या चपला वाजलेल्या मला ऐकू यायच्या. एकदा तिनं वाटीतून मेथांबं आणलं, तिच्या आईच्या हातचं, मला फार आवडायचं म्हणून. मी वाटीला हात लावला नाही. आजीनं वाटी घासली, रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून तीत मूठभर साखर घातली आणि तिच्या हातात दिली. मैत्रीण त्यानंतर आली नाही. माघात तिचं लग्न झालं, ती नागपूरला गेली, आणि १९९१ मध्ये आजारपणात गेलीसुद्धा. "मी जागी होते," एवढं तिला सांगायचं राहून गेलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी चुकले, पण रात्री उठून बसावं असं वाटतं ते या एकाच गोष्टीनं.

म्हणून डब्याचं ऐकल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. जेव बाबा, दोन घास जेव.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. तिच्या सासरी गावात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचं. हाल व्हायचेच, मरणं व्हायची, पण एका झोपडीतला धूर दुसऱ्या झोपडीला दिसायचा. आज कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते लगेच कळायचं. तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर कुणाचा धूर कुणाला दिसत नाही. काकूंना डब्यावरूनच कळतं.

तू रात्री चारपर्यंत कोरोनाचे आकडे बघत बसतोस असंही कळलं. देशाचा आकडा लाखावर गेला, मीही टीव्हीवर पाहिलं. तू जागलास म्हणून तो खाली येणार नाही.

वाच, असं मी तुला म्हणणार नाही. मी चौतीस वर्षं वाचनालयात काढली, तरी म्हणणार नाही. हल्ली जो तो सांगत सुटलाय, वेळ मिळालाय तर पुस्तकं वाचून काढा, नवी कला शिका, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं. टिळक टिळक होते. मन उडालेलं असताना अक्षरं डोळ्यांपुढून मुंग्यांसारखी जातात हे मला ठाऊक आहे. त्या माडीवर माझ्या उशाशी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे पडलेली होती. चार महिन्यांत मी वीस पानं पुढं गेले नाही. पुढं ती मी कितीदा वाचली. पुस्तक थांबतं.

वाचनालय मार्चपासून बंद आहे. जूनमध्ये पाऊस लागला की कपाटांना ओल येते, म्हणून सचिवांना विचारून मी दर शनिवारी किल्ली घेऊन जाते. खिडक्या उघडायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या, एकेक कप्पा झटकायचा. गेल्या शनिवारी कथांचं एक जुनं पुस्तक हातात आलं ते कसरीनं पोखरलेलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुईच्या टोकाएवढं एकच भोक, उजेडाकडं धरलं तर आरपार दिसत होतं. मला रडू आलं. आणि त्याच्याच शेजारी उभं होतं तुझं पुस्तक.

आठवतं का? तू सहावीत होतास, सुट्टीत आला होतास. शिकारकथांचं ते सुटं झालेलं पुस्तक तू जुजबंदी करून शिवलंस, खळ तूच शिजवलीस, मोरचूद जास्त पडला म्हणून ती निळसर झाली. आणि पुठ्ठा उलटा बसवलास. मुखपृष्ठावरचा वाघ डोक्यावर उभा. तू केवढा रडला होतास, आणि मी म्हटलं होतं, राहू दे, ते असंच दाखल करू. नंदू, त्या पुस्तकाला एक भोक नाही. चौदा वर्षं झाली, कणा ताठ आहे, दोरा ढिला झालेला नाही. कणा नाकाशी नेला तर खळीचा वास अजून येतो, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. मी ते तिथंच उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं.

तुझ्याकडं एखादं पान सुटलेलं पुस्तक असेलच. नसलं तर जुनी वही चालेल. मैदा मुठीएवढा, पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. मोरचूद आता कुठं मिळणार, त्याच्यावाचून कर, फक्त त्याच दिवशी संपव. हाताला काहीतरी असू दे एवढ्यासाठी सांगते. जमलं तर कर, नाही जमलं तर राहू दे. तुला कुणाला काही करून दाखवायचं नाहीये. पगार अर्धा आला म्हणून तू आम्हाला अर्धा झालेला नाहीस. तू घरी ये म्हटलं तर ई-पास, चौदा दिवस शाळेत ठेवणं, हे सगळं आहे. तरी तू हो म्हण, दादा उद्या अर्ज भरायला बसेल. तुझ्या खोलीतली गादी मी उन्हात टाकून ठेवली आहे.

काकूंनी आज पुन्हा डबा ठेवलाय, वहिनीनं त्यांना विचारलं. मुगाची खिचडी आहे. अर्धी खा, चार घास खा. मग डबा घासून ठेव, आणि देताना रिकामा देऊ नकोस. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घाल. त्यांच्याशी बोलायला नको, नुसतं दार उघडून हातात दे.

आणि डबा आत घेतलास की मला मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही. वाजला की मला कळेल.

तुझी,
आत्या